भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतोय. थेट घरी आणावा की सोबर होममध्ये ठेवावा?

थेट घरी आणू नका.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाचा महिना येत्या रविवारी पुरा होतोय, समुपदेशकांनी सोबर होम, म्हणजे नशा सोडलेल्यांनी एकत्र राहायचं घर, सुचवलंय, आणि "स्वतःचं घर असताना परक्यांत कशाला" म्हणून आई अडून बसलीय. खर्च किती आणि किती दिवस ठेवायचं, असंही विचारलंय. ते आईचं वाक्य मी २०१६ साली माझ्या दादाच्या तोंडून जवळजवळ तसंच्या तसं ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

मी तासगावकडचा. तीनदा ॲडमिट झालो. पहिल्या दोन्ही वेळा दादा गाडी घेऊन न्यायला आला, घरी आईने पुरणपोळ्या केल्या. एकदा सतरा दिवस टिकलो, एकदा चार. घरात वाईट कुणीच नव्हतं. पण संडासात जरा वेळ लागला की दाराशी कुणीतरी खाकरायचं. दुधाला मोजून पैसे मिळायचे. परत आलो की वहिनी काहीतरी उचलायच्या निमित्ताने जवळून जायची, वास घ्यायला. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. एकदा तर दादाने डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात ती, गोळी कुटून माझ्या आमटीत घातली, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं "कळू न देता द्या". त्यावर कुणी प्यायलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मला नंतर कळलं तेव्हा मी काय केलं असेल ते सांगत नाही. सगळे आपल्याला पिणाराच धरून चाललेत, मग न पिऊन फायदा काय, असं वाटायचं. दारुड्याचं लॉजिक आहे, मान्य. पण तुमचा भाऊ सध्या त्याच लॉजिकवर चालतोय.

तिसऱ्या वेळी मी पुण्यातच राहिलो. धानोरीत तीन बेडरूमचा फ्लॅट, आम्ही सहा जण, सगळे दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये भेटलेले. वॉर्डन नाही, डॉक्टर नाही, दारावर पाटी नाही. वॉचमन एकदा म्हणाला, "सहा बॅचलर आणि कचऱ्यात एक बाटली नाही, तुम्ही करता तरी काय?"

कल्पना आमची नव्हती. अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला १९७५ साली एक हाफवे हाउस, म्हणजे उपचारानंतर काही काळ राहायची जागा, बंद पडणार होतं. तिथे राहणाऱ्यांनीच वर्गणी काढून ती जागा भाड्याने घेतली. त्यातला पॉल मलॉय स्वतः वकील आणि दारुडा. नाव ठेवलं ऑक्सफर्ड हाउस. नियम थोडकेच: घर मतदानाने चालवायचं, खर्च आपापसात वाटायचा, आणि जो पिईल तो बाहेर. जुन्या हाफवे हाउसमध्ये सहा महिने झाले की निघावं लागायचं आणि निघालेले बहुतेक पुन्हा प्यायचे, म्हणून इथे मुदतच ठेवली नाही. पुढे डीपॉल विद्यापीठाच्या लोकांनी इलिनॉयमध्ये दीडशे माणसांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. अशा घरांत गेलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के पुन्हा नशेकडे वळलेले दिसले, नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी ६५ टक्के. हे आकडे मी दादाला पाठवले होते. त्याने अंगठा पाठवला.

दोन महिन्यांनी आमच्या फ्लॅटच्या पैशांचा डबा माझ्याकडे आला. भाडं, गॅस, दूध, सगळा हिशेब वहीत. नऊ वर्षांत कुणी माझ्या हातात किल्ली दिली नव्हती.

आणि मग गणपती आले. विसर्जनाच्या रात्री आमच्यातला एक पिऊन आला. हाच माणूस मला पहिल्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टेकडीवर चालवत न्यायचा, तलफ उतरेपर्यंत. रडला, पाया पडला, म्हणाला फक्त नाइंटी झालीय. मतदान घेतलं. पाच हात वर, त्यात माझा शेवटचा. ढोल अजून वाजत होते, रिक्षा मिळेना. त्याची बॅग मी भरली, दोघं जण त्याच्याबरोबर बसून केंद्रात सोडून आले. रस्त्यावर नाही टाकला, पण त्या घरात ती रात्रही नाही.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "ही तुमची माणुसकी? आम्ही तुला नऊ वर्षं कधी दाराबाहेर ठेवला नाही." खरंय. नऊ वर्षं दार उघडं होतं, भात झाकून ठेवलेला होता, आणि मी नऊ वर्षं प्यायलो. मला त्याचा राग नाही. पण त्या वाक्याचं उत्तर मला तेव्हा फोनवर सुचलं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. तो मित्र तीन महिन्यांनी परत आला. पुन्हा मतदान, पुन्हा पाच हात. वहीत त्याच्या नावावर दुधाचे ३४० राहिले होते, ते त्याने आधी दिले.

खर्च: आम्हाला तेव्हा माणशी भाडं तीन हजार आणि जेवणखाण वेगळं. आता दुप्पट धरा. पाट्या लावून चालवलेल्या जागा बऱ्याच जास्त घेतात. किती दिवस? मी चौदा महिने राहिलो. तीन महिन्यांच्या आत मात्र उचलू नका.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: दारू बंद केल्यावर फिट येत असेल, भास होत असतील, किंवा नशेबरोबर मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर. आमच्यासारख्या फ्लॅटवर हे कुणाला झेपत नाही. बायकांसाठी अशी घरं फार कमी आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, उपचार मिळतात. अडतं ते उपचारानंतर राहायच्या जागेवर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हाफवे होमची तरतूद आहे, पण तुमचा भाऊ रविवारी सुटतोय, सरकारची वाट बघू नका. आणि सोबर होमच्या नावाखाली कोंडवाडेही चालतात. बघायला जाल तेव्हा एवढंच बघा, दाराला आतून कडी आहे की बाहेरून कुलूप.

आईंना सांगा, पुरणपोळ्या कराच, फक्त डबा तिकडे न्या. पाच-सहा जण असतील, त्या हिशेबाने.