इंग्रजीचे पाठ्यपुस्तक सांभाळून वर्गात उपक्रम कसे घ्यावेत?

आपला प्रश्न असा आहे की मराठी माध्यमाच्या सातवीच्या वर्गात, पन्नासेक मुले असताना, इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून खेळ आणि संवाद घेतले तर अभ्यासक्रम मागे पडतो आणि वर्गात नुसता गोंधळ होतो. मग हे बसवायचे कसे? मी अशाच वर्गांना इंग्रजी शिकवते. माझ्या मते उपक्रम पुस्तकाबाहेरून आणला की तो वेळ खातो, आणि शिकवायच्या पाठातूनच काढला की तो त्या पाठाचे शिकवणेच होऊन बसतो. त्यामुळे खेळांचे वेगळे पुस्तक शोधण्याआधी पुढच्या आठवड्याचा पाठ उघडावा आणि यातले काय एक मूल दुसऱ्याला खरोखर विचारू शकेल, हे पाहावे.

विचारण्यावर मी मुद्दाम भर देते आहे. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सातवीतल्या मुलांना पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहिता येतात आणि स्वतः एक साधा प्रश्न विचारताना ती अडखळतात, कारण वर्गात प्रश्न विचारण्याचे काम कायम शिक्षकांकडेच राहिलेले असते. ‘यू व्हेअर गो?’ असे मूल म्हणते ते मराठी वाक्याच्या रचनेप्रमाणे बरोबरच असते. इंग्रजी रचना तोंडात बसायला तसे प्रश्न शेकडो वेळा विचारावे लागतात, आणि फळ्यावर नियम लिहून ते होत नाही.

या दिशेने आपल्याकडे फार मोलाचे काम झालेले आहे. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या आणखी काही ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. त्यात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरवणे अशी कामे मुलांना दिली जात. एकाकडची माहिती दुसऱ्याला देणे, दिलेल्या माहितीवरून तर्काने काही काढणे आणि स्वतःचे मत मांडणे, असे कामांचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. आपल्या अडचणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रभूंनी गटकार्यावर भर दिला नव्हता: शिक्षक आधी तशाच प्रकारचे एक काम सगळ्या वर्गाबरोबर तोंडी सोडवत आणि मग पुढचे काम मूल स्वतः करी. म्हणजे बाके सरकवून गट केल्याशिवाय उपक्रम होतच नाही, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

वेळापत्रकाचे काम मी एसटीच्या वेळापत्रकावर घेते. एकाच बाकावरच्या दोघांना दोन चिठ्ठ्या द्यायच्या. एकीत गाड्या सुटण्याच्या वेळा भरलेल्या आणि पोहोचण्याच्या रिकाम्या, दुसरीत नेमके उलट. एकमेकांची चिठ्ठी पाहायची नाही, फक्त विचारायचे: ‘व्हॉट टाइम डज द बस लीव्ह?’ हे वाक्य आधी फळ्यावर लिहून दोन-तीन मुलांकडून म्हणवून घ्यावे, नाहीतर सगळी चौकशी मराठीत उरकली जाते. मराठी पूर्ण बंद मात्र करू नये; ‘आता तू विचार’ हे मूल मराठीत म्हणाले तरी चालते, माहिती इंग्रजीत मागितली आणि दिली गेली पाहिजे. जोडी बाकावरच असल्याने कोणी जागचे उठत नाही. आवाज होतो, पण तो कामाचा असतो, आणि हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

गोष्टीच्या पाठासाठी माझा सर्वांत आवडता प्रकार याहून सोपा आहे आणि त्याला चिठ्ठ्याही लागत नाहीत. मुलांनी पाठ एकदा वाचला की पुस्तके मिटायला सांगायची आणि आपण तोच पाठ मोठ्याने वाचताना सात-आठ ठिकाणी तपशील बदलायचा: नाशिकऐवजी मुंबई, म्हाताऱ्या बाईऐवजी तरुण मुलगा. चूक ऐकू आली की मुलाने हात वर करून पूर्ण वाक्यात अडवायचे: ‘नो, ही डिडन्ट गो टु मुंबई, ही वेंट टु नाशिक.’ भूतकाळाचा नकार आणि होकार या एका वाक्यात येतात, आणि पाठ किती समजला हेही कळते. मग त्याच पाठावरची प्रश्नोत्तरे लिहून घ्यायला निम्माच वेळ पुरतो. मागच्या बाकांवरची, एरवी मान खाली घालून बसणारी मुले यात पुढे येताना मी पाहिली आहेत, आणि माझ्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे.

धावते श्रुतलेखनही चांगले आहे: उतारा व्हरांड्यात चिकटवायचा, एकाने जाऊन वाचून लक्षात ठेवायचे, दुसऱ्याने ऐकून लिहायचे. पन्नास मुलांत ते एका वेळी एकाच रांगेला द्यावे, बाकीच्यांनी तोवर स्वाध्याय लिहावा. पाठ शिकवण्याआधीच ते घ्यावे, कारण नंतर उतारा ओळखीचा झालेला असतो आणि ऐकण्याची गरजच उरत नाही.

काम चालू असताना चुका सुधारू नयेत. वर्गात फिरत त्या वहीत टिपाव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कोणाचेही नाव न घेता, तीन-चार वाक्ये फळ्यावर मांडून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यावीत. प्रत्येक पाठाला उपक्रम हवाच असे नाही. कवितांना मी असे काही जोडत नाही. त्या नीट म्हणून दाखवाव्यात, मुलांकडून म्हणवून घ्याव्यात आणि तो तास तेवढ्यासाठीच ठेवावा.