ऐकीव कायद्यावर संसार मोडू नका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इंदूरच्या कुटुंब न्यायालयात मी वकिली करते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर हल्ली ठरून गेला आहे. मुलगे लिहितात, सगळे कायदे बायकांचेच. मुली लिहितात, कायदे असून उपयोग काय? दोघांनीही कायदा वाचलेला नसतो, तो मोबाइलवर आलेला असतो. स्त्रीवादाने घरं मोडली की सावरली, यावर जेवणाच्या पंगतीत वाद होतात ते होऊ द्यात, मतं ज्याची त्याला. पण त्या वादात ऐकलेल्या एखाद्या वाक्यावर विसंबून कुणी सही करतं, कुणी नोकरी सोडतं, कुणी पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, चुकवतं, आणि मुदत उलटून गेल्यावर फाइल घेऊन माझ्यासमोर बसतं. म्हणून तेच प्रश्न पुन्हा घेते आहे. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकरणाचा निर्णय तुमची कागदपत्रं पाहिलेल्या वकिलाशी बोलूनच घ्या.

प्रश्न : माझं लग्न ठरतं आहे. ऑफिसातले मित्र म्हणतात, घटस्फोट झाला तर अर्धी मालमत्ता बायकोला जाते, म्हणून फ्लॅट आधीच आईच्या नावावर करून टाक. करू का? (सुदामा नगर)

उत्तर : असा कायदा भारतात नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा झालाच नाही. आईला फ्लॅट द्यायचा असेल तर आईसाठी द्या. धास्तीपोटी केलेलं बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. आणि जिच्याशी लग्न ठरतंय तिच्याशी पगार, कर्ज आणि आईवडिलांची जबाबदारी यांबद्दल आत्ताच मोकळेपणाने बोला.

प्रश्न : सुनेचं आणि मुलाचं रोज वाजतं. ती छळाचं ४९८ कलम लावेल आणि आम्हा म्हातारा-म्हातारीला त्याच रात्री उचलून नेतील असं सगळे सांगतात. आम्हीच आधी थान्यात (पोलीस ठाण्यात) अर्ज देऊन ठेवावा का? (राजेंद्र नगर)

उत्तर : १ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आली आहेत. शिक्षा पूर्वीइतकीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत. ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यांत आपोआप अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देतात. तिच्याप्रमाणे हजर राहिलात, तपासाला सहकार्य केलंत, तर साधारणपणे अटक होत नाही. नोटीस धुडकावलीत तर होऊ शकते.

ज्यांचा संसाराशी काही संबंध नाही अशा नातेवाइकांची नावं तक्रारीत घातलेली मी पाहिली आहेत. पुण्याला राहणारी नणंद, वर्षातून एकदा येणारे मामेसासरे. अशी नावं उच्च न्यायालय वगळतं. पण इस्त्रीने भाजलेल्या हाताचे फोटोसुद्धा मी त्याच कपाटातल्या फायलींत पाहिले आहेत. हे कलम १९८३ मध्ये आलं ते हुंड्यापायी सुना जळून मरत होत्या म्हणून. 'सगळ्याच तक्रारी खोट्या' म्हणणाऱ्याने एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसावं.

तुमच्या घरात अजून काही घडलेलं नाही. आगाऊ अर्जाने संरक्षण मिळत नाही, उलट सून दुखावते. दोघांना समुपदेशकाकडे पाठवा. मुलगा वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणत असेल तर अडवू नका.

प्रश्न : मी विजय नगरला राहतो, आयटीत आहे. पत्नी वर्षभर उज्जैनला माहेरी आहे आणि तिने पोटगीचा अर्ज केला आहे. पुरुषांच्या हक्कांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला मिळाला : समन्स घेऊ नका, दोन-चार तारखा चुकवा, नोकरी सोडा, पोटगी शून्य होईल. पत्नी शिकलेली आहे, आधी नोकरी करायची. समानता मागणाऱ्यांनी पोटगी का मागावी?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. तो ऐकून त्यावर निर्णय देणारी जागा मात्र एकच आहे, आणि तिथेच जाऊ नका असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, म्हणून सविस्तर लिहिते.

समन्स न घेतल्याने ते टळत नाही. एक पाकीट मला आठवतं. तपकिरी, रजिस्टर्ड, मागच्या बाजूला पोस्टमनने निळ्या पेनाने 'लेने से इन्कार' लिहून खाली तारीख घातलेली. ते पाकीट कोर्टात परत आलं आणि फायलीत टाचलं गेलं. त्या मुलाला घरच्यांनी सांगितलं होतं, घेतलंच नाही तर लागू कसं होईल? कोर्टाने बजावणी झाली असं धरलं. माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं की कोर्टाला एकतर्फी सुनावणी करता येते. बायकोने सांगितलं तेवढंच कागदावर आलं आणि त्यावर आदेश झाला. असा आदेश रद्द करून घ्यायला आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत, योग्य कारण दाखवून अर्ज करावा लागतो. तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा ती मुदत गेलेली होती आणि वसुलीचं वॉरंट निघालेलं होतं. थकबाकीपायी तुरुंगातही जावं लागतं, आणि तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही.

आता नोकरीचं. कोर्ट फक्त आजची पगाराची स्लिप पाहत नाही, कमावण्याची कुवत पाहतं. समन्स आलं त्याच महिन्यात राजीनामा दिलेला अभियंता कोर्टाच्या डोळ्यांत खुपतो. पोटगी शून्य होत नाही, तुमचा शब्द मात्र शून्य होतो. पुढे मुलाच्या भेटीचा प्रश्न येतो तेव्हा हेच आडवं येतं. सीएकडून पगार कमी दाखवून घेण्याचा विचार असेल तर आजच सोडा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही पक्षांना शपथपत्र भरावं लागतं : उत्पन्न, आयकर विवरणं, बँक खाती, कर्जाचे हप्ते, घरभाडं, अवलंबून असलेली माणसं. त्यात खोटं लिहिल्याची वेगळी कारवाई होते. पोटगी बहुतेक वेळा अर्जाच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे लांबवलेली प्रत्येक तारीख तुमच्याच खात्यात थकबाकी म्हणून जमा होते.

हे शपथपत्र तुमच्या पत्नीलाही भरावं लागतं. तिचं शिक्षण, आधीची नोकरी, आजची कमाई, ठेवी, सगळं. ती कमावत असेल तर ते पुढे आणा. कमावती आहे एवढ्यावरून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, पण रक्कम ठरवताना ते मोजलं जातं. तिने नोकरी लग्नानंतर कुणाच्या सांगण्यावरून सोडली, मूल कोण सांभाळतं, हेही मोजलं जातं. तुम्ही ज्याला समानता म्हणता तिचा हिशेब इथे होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तर कमाई नसलेला नवराही बायकोकडे पोटगी मागू शकतो. हे त्या ग्रुपवर कुणी सांगितलं का? पगाराच्या २५ टक्के ठरलेलेच, हेही खरं नाही. ते २०१७ च्या एका निकालातलं प्रमाण आहे, सगळ्यांना लागू होणारा नियम नाही.

पोटगी ही लूट आहे असं इंदूरच्या माणसाने तरी म्हणू नये. शाहबानो याच शहरातल्या. चाळीसहून अधिक वर्षं संसार केल्यावर वकील नवऱ्याने घराबाहेर काढलं, तेव्हा १९७८ मध्ये त्यांनी इथल्या कोर्टात अर्ज केला. आधी महिन्याला २५ रुपये मंजूर झाले. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. तेवढ्यासाठी नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. उतारवयात रस्त्यावर येऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या तरतुदीचा मूळ हेतू आजही तोच आहे.

सल्ला देणारा ग्रुपचा ॲडमिन तुमच्या पेशीला उभा राहणार नाही. सभासदत्वाचे पैसे, तयार अर्जाच्या नमुन्याचे वेगळे पैसे, असा हा धंदा आहे आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे घाबरलेला पुरुष. याच आठवड्यात वकील गाठा, पुढच्या तारखेला हजर राहा. मध्यस्थीची संधी मिळाली तर मनापासून बसा.

प्रश्न : पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर दोघांनी सह्या करून फारकत घेतली. आता दुसरं लग्न करू शकते ना? (जेल रोड)

उत्तर : नाही. हिंदू विवाह असा मोडत नाही. जमातीत तशी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. ज्याने पैसे घेऊन तो कागद करून दिला त्याने तुम्हाला फसवलं आहे. दोघांची संमती आहेच, तर परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करा. सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. तोवर दुसरं लग्न करू नका.

प्रश्न : बायको हात उचलते. थान्यात गेलो तर शिपाई हसले. पुरुषांसाठी कायदाच नाही का? (लोकमान्य नगर)

उत्तर : हसणाऱ्यांना लाज वाटायला हवी. तुम्ही सांगायला गेलात हे योग्यच केलंत.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तक्रार स्त्रीलाच करता येते. ही उणीव आहे, आणि स्त्रियांचं संरक्षण तसूभरही कमी न करता ती भरून काढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. २०१६ च्या निकालानंतर स्त्रीविरुद्धही त्या कायद्याखाली दाद मागता येते, म्हणून तुमच्या आईला मारहाण होत असेल तर ती सुनेविरुद्ध जाऊ शकते. तुमच्यासाठी मारहाणीची साधी कलमं आहेत. मारणारा बाई आहे की बाप्या, हे ती पाहत नाहीत. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटही मागता येतो. पुन्हा मार बसला तर त्याच दिवशी एमवाय इस्पितळात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची पोलीस-कामासाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. थान्यात तक्रार घेत नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्याला टपालाने लेखी पाठवा, पावती जपा. उलट हात मात्र उगारू नका. आणि वकिलाला भेटायला आणखी एका मारहाणीची वाट पाहू नका.

प्रश्न : मुलाचा ताबा बापाला मिळतच नाही, खरं का?

उत्तर : खोटं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण निर्णय मुलाच्या हितावर होतो. भेटीचा अर्ज लवकर करा. महिनोन्‌महिने न दिसलेला बाप मुलाला परका होतो.

प्रश्न : भाऊ म्हणतो, 'लग्नात तुला भरपूर दिलं, आता हक त्यागावर सही कर, स्त्रीवाद घरात आणू नकोस.' घर आजोबांपासूनचं आहे. वडील गेले. (टिळक नगर)

उत्तर : आज सही करू नका. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. लग्नाचा खर्च या हिश्शातून वजा होत नाही. मात्र घर खरोखर वडिलोपार्जित आहे की वडिलांच्या कमाईचं, मृत्युपत्र आहे का, आधी नोंदणीकृत वाटणी झाली आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. नोंदवलेला हक त्याग परत फिरवणं फार अवघड जातं. हिस्सा सोडायचा असेल तर आनंदाने सोडा, तो तुमचा अधिकार आहे. फक्त काय सोडताय ते वकिलाकडून समजून घेऊन सोडा.

प्रश्न : नवरा म्हणतो, तू घरी बसून करतेस काय? घरकामाला कायद्यात किंमत आहे का?

उत्तर : आहे. अपघात भरपाईच्या दाव्यांत गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. हे आकडे नवऱ्याला दाखवा.

प्रश्न : आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. याला स्त्रीवादच जबाबदार नाही का? माझा मोठा भाऊ वेगळा झाल्यापासून खोलीबाहेर येत नाही, 'माझ्यावाचून काही अडत नाही' म्हणतो.

उत्तर : आधी भावाचं. तो जे बोलतो आहे ते गंभीर आहे. त्याला एकटं ठेवू नका, 'जीव द्यावासा वाटतो का' असं सरळ विचारा आणि आजच मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. हो म्हणाला तर थेट दवाखान्यात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो.

आता आकडा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदींत २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्या आहेत आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष आहेत. स्त्री-पुरुष मिळून कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि विवाहविषयक समस्या ४.८ टक्के आहेत. यातून स्त्रीवादावर दोष सिद्ध होत नाही. लहानपणापासून 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' ऐकलेला माणूस मदत मागत नाही, हे मात्र मी रोज पाहते. पुरुषांबद्दल कळवळा असेल तर हा आकडा वादात वापरू नका, भावाला घेऊन निघा.

प्रश्न : वकिलाची फी परवडत नाही. मोफत वकील फक्त बायकांना मिळतो असं ऐकलं.

उत्तर : चुकीचं ऐकलंत. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मिळतो. पुरुषांनाही उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मिळतो. अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्नाचा दाखला आणि आलेली नोटीस सोबत न्या. पेशी जवळ असेल तर ती तारीख तिथल्या कर्मचाऱ्याला आधी सांगा.