स्टँडर्ड आलं, कंपायलर कुठंय?

प्रश्न : ऑफिसात जीसीसी ११ हा कंपायलर (सी++ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) आहे. सी++२०चा, म्हणजे भाषेच्या २०२०च्या आवृत्तीचा, पर्याय देऊनही मॉड्यूल (कोडचा वेगळा ठेवलेला, हवा तिथं आणायचा भाग) ‘इम्पोर्ट’ केलं की एरर. स्टँडर्ड (भाषेची अधिकृत नियमावली) तर डिसेंबर २०२०मध्येच प्रसिद्ध झालं ना? माझंच चुकतंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं फारसं चुकलेलं नाही. जीसीसी ११मध्ये मॉड्यूल प्रायोगिक आहेत. सी++२० सांगितलं तरी ती बंदच राहतात, त्यांचा ‘एफ-मॉड्यूल्स-टीएस’ हा फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) वेगळा द्यावा लागतो. तो देऊनही ऑफिसच्या कामात वापरू नका, असंच मी सांगेन. कन्सेप्ट्स, म्हणजे टेम्प्लेटवर (अनेक प्रकारच्या डेटाला चालणाऱ्या कोडच्या साच्यावर) घालायच्या अटी, मात्र बिनधास्त वापरा. मजकूर मांडणीची ‘फॉरमॅट’ लायब्ररी हवी तर जीसीसी १३ लागेल.

स्टँडर्ड छापून येतं, कंपायलरवाले आपल्या सवडीनं येतात. कधी येतही नाहीत! १९९८च्या स्टँडर्डमधलं टेम्प्लेटचं ‘एक्सपोर्ट’ (टेम्प्लेटचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवू देणारी सोय) मी हौसेनं वहीत उतरवलं होतं. कंपायलरचे भाग बनवणाऱ्या ईडीजी कंपनीनं ते करून दाखवलं, जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टनं कधीच नाही. २०११च्या आवृत्तीत ते काढूनच टाकलं. वही अजून आहे माझ्याकडे.

आणि हो, क्लायंटच्या सर्व्हरवर कुठला कंपायलर आहे ते आधी विचारा. सगळ्यांत जुना असेल, त्याचंच चालतं.