चौसष्ट हजारांचं एस्टिमेट आणि नव्या गाडीचा मोह

सप्रेम नमस्कार,

तुमची पेट्रोल गाडी २०१७ ची, ७८,००० किलोमीटर झालेली. सर्व्हिस सेंटरने ६४,००० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि तिथल्याच माणसाने सुचवलं, 'यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या.' जुन्या गाडीचे पावणेतीन लाख मिळतील, नवी साडेदहा लाखांना रस्त्यावर येईल. घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते घेऊ नका. निदान मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश होईपर्यंत तरी नाही.

वरचे पावणेआठ लाख कर्जाने उभे करायचे म्हटले, तर ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता साधारण १२,४७० रुपये बसतो. सात वर्षांत व्याजच २ लाख ७२ हजार जातं. म्हणजे जुनी गाडी विकून जे हाती येईल, जवळपास तेवढंच बँकेला व्याज म्हणून द्यायचं. तुमच्या हातात ६८,००० येतात आणि घराचा हप्ता १९,५०० आहे. दोन्ही हप्ते मिळून पगाराचा ४७ टक्के भाग गेला, की पहिली कुऱ्हाड ८,००० च्या एसआयपीवर पडणार, आणि ती एसआयपी तर मुलाच्या फीसाठीच आहे.

आता एस्टिमेटकडे वळू. ६४,००० चा आकडा बघून घाबरायला होतं, पण तो सगळा आजच खर्च करायचा नाहीये. टायरचे २०,००० द्याच. तुमच्या फोटोत टायरच्या खाचांमधली झिजेची खूण रबराच्या बरोबरीला आलेली स्पष्ट दिसते. पावसात अशा टायरवर ब्रेक लागायला उशीर होतो. लिंक रॉड, बुश या सस्पेन्शनच्या भागांचे ११,००० आणि नेहमीच्या सर्व्हिसचे ८,००० हेही आत्ताच करा. सस्पेन्शन ढिलं ठेवलंत तर नवे टायर वाकडे झिजतील.

क्लचचे १४,००० मात्र थांबवा. गिअरबॉक्स न उतरवता क्लच प्लेट किती झिजली हे डोळ्यांनी दिसत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असं होतंय का ते बघा. तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही. चार वर्षांच्या बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या, त्यात ती पास झाली तर ५,५०० वाचले. इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, एसी ट्रीटमेंट या ५,५०० च्या कामांवर सरळ काट मारा.

मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या लांबलचक यादीत ब्रेक ऑइल कुठेच नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी रत्नागिरीला जाता आणि ते शेवटचं कधी बदललं हे तुम्हाला आठवत नाही. इतर कामांच्या मानाने खर्च किरकोळ आहे. हे आधी करून घ्या, बाकीची कामं नंतर.

म्हणजे आत्ता लागतात साधारण चाळीस हजार. तुमच्या १ लाख ८० हजारांच्या एफडीतून ते काढा. क्रेडिट कार्डाचा ईएमआय नको. पुढच्या महिन्यापासून २,५०० ची वेगळी आरडी फक्त गाडीसाठी सुरू करा. सर्व्हिस, विमा, पुढचे टायर, अडीअडचणीचं काम हे सगळं त्यातून भागावं. क्लचची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील.

नोंदणी २०३२ पर्यंत आहे, त्यामुळे कागदपत्रांची घाई नाही. उद्या इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, किंवा सलग दोन वर्षं दुरुस्तीवरच ७५,००० च्या वर गेले, तर माझं मत बदलेल. तेव्हाही 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, नव्या गाडीच्या विम्याला लावून घ्या. तो मालकाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. म्हणूनच बंपरच्या ओरखड्यासाठी आत्ता क्लेम टाकू नका.

क्लच आणि सस्पेन्शनचा दर ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजमध्येही विचारा, आणि काम झाल्यावर काढलेले जुने पार्ट मागून घ्या. सुधारित एस्टिमेट आलं की मला पाठवा. मुलाच्या फीचं वेळापत्रकही सोबत जोडा, म्हणजे एफडीत परत किती आणि कधी भरायचं ते ठरवता येईल.