फॉस्फेटचा दगड धुतात कशाला?

प्रश्न: डीएपी खतासाठी लागणारं फॉस्फेट खाणीतून काढल्यावर आधी धुतात असं ऐकलं, पण दगड धुऊन काय मिळतं?

उत्तर: अहो, तो नुसता दगड नसतोच. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बोन व्हॅली भागात खाणीतून जे निघतं त्यात ढोबळमानाने एक तृतीयांश फॉस्फेट, तेवढीच वाळू आणि तेवढीच चिकणमाती असते. हा लगदा तिथेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पातळ करून पाइपातून प्लांटवर नेतात, मग ढेकळं फोडून चाळण्यांवर धुतात, मोठे खडे तिथेच वेगळे होतात आणि चिकणमाती पाण्याबरोबर निघून जाते. उरलेली वाळू आणि बारीक फॉस्फेट नुसत्या धुण्याने सुटत नाही, त्यासाठी फॅटी ॲसिड (तेलकट आम्ल) लावून हवेचे बुडबुडे सोडतात, फॉस्फेट फेसाबरोबर वर, वाळू खाली. एवढा खटाटोप का, तर पुढे सल्फ्युरिक ॲसिड टाकून डीएपीसाठी फॉस्फोरिक ॲसिड करायचं असतं, त्यात माती गेली तर सगळा घोळ.

मला खरी काळजी वाटते ती त्या गढूळ पाण्याची. ते बांध घातलेल्या मोठ्या तळ्यांत सोडतात, तिथली चिकणमाती इतकी बारीक की खाली बसून घट्ट व्हायला वर्षानुवर्षं लागतात, शिवाय थोडं फॉस्फेटही तिच्याबरोबर वायाच जातं.