एकाच फिगरचा चेहरा एकाला हुबेहूब आणि दुसऱ्याला परका का वाटतो?

आपण विचारले आहे की चित्रपटातील एखाद्या पात्राची एकच अ‍ॅक्शन फिगर (सांधे वळवता येणारी छोटी बाहुली) काही संग्राहकांना अभिनेत्याची हुबेहूब प्रतिकृती वाटते, तर काही जण तितक्याच ठामपणे 'हा तो नव्हेच' म्हणतात. मग त्यांच्यात बरोबर कोण, आणि नव्याने फिगर घेणाऱ्याने कोणाचे ऐकावे? मी गेली बारा वर्षे अशा फिगर्स जमवतो आहे आणि हा वाद दोन्ही बाजूंनी घातलेला आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक वेळा दोन्ही पक्षांची नजर ठीक असते, पण ते दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. फिगर पाहताक्षणी 'हा अमुकच' असे ओळखू येणे म्हणजे सादृश्य, आणि ती प्लॅस्टिकची न वाटता रक्तामांसाच्या माणसासारखी वाटणे म्हणजे वास्तवदर्शिता. यांतली एक असताना दुसरीचा मागमूस नसू शकतो, आणि वादातली बरीचशी कटुता हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे येते.

जुन्या फिगर्स पाहिल्या की हे लगेच कळते. केनर या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या फिगर्स बाजारात आणल्या, तेव्हा त्यांना बहुधा मान, दोन हात आणि दोन पाय एवढे पाचच सांधे असत आणि डोळ्यांच्या जागी रंगाचा ठिपका असे. वास्तवदर्शिता जवळजवळ शून्य होती. तरीही केसांचा आकार, कपड्यांचा रंग आणि उभे राहण्याची ढब यांवरून कोणते पात्र आहे ते पोरेसोरेही सांगत. पुढे १९९५ मध्ये त्याच आकाराची नवी मालिका आली, तेव्हा तिच्यातल्या ल्यूक स्कायवॉकरला पैलवानासारखी रुंद छाती आणि जाडजूड दंड दिले गेले, आणि त्याबद्दलची तक्रार संग्राहक अजूनही करतात. चेहरा आधीच्या फिगरहून अधिक तपशीलवार असूनही अंगकाठी बिघडल्यामुळे माणूस हरवला. म्हणून 'चेहरा जुळत नाही' अशी तक्रार ऐकली की मी आधी मानेची लांबी, खांद्यांची रुंदी आणि धडाच्या मानाने डोक्याचा आकार पाहतो. कारण डोके जरासे लहान झाले तरी पाहणाऱ्याला बोट ठेवता येत नाही आणि तो दोष चेहऱ्यालाच देतो. (डार्थ व्हेडरसारख्या मुखवट्यातल्या पात्रांविषयी हा वाद फारसा होत नाही, कारण तिथे माणसाचा तोंडवळा पकडायचा नसून एका वस्तूची नक्कल करायची असते.)

आता आकाराचा हिशेब पाहू, कारण बहुतेक मतभेदांचे मूळ त्यात आहे. प्रौढ माणसाच्या डोळ्यातले बुबुळ साधारण १२ मिलिमीटर रुंदीचे असते, आणि हे माप माणसागणिक फार थोडे बदलते. एक षष्ठांश प्रमाणातल्या, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरच्या फिगरमध्ये ते २ मिलिमीटर होते, एक द्वादशांश प्रमाणातल्या सहा इंची फिगरमध्ये १ मिलिमीटर, आणि पावणेचार इंची फिगरमध्ये पाऊण मिलिमीटरही उरत नाही. सहा इंची फिगरवर बुबुळ रंगवताना छपाईचा ठसा ०.२ मिलिमीटरने सरकला तर खऱ्या चेहऱ्यावर बुबुळ त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाने सरकल्यासारखे दिसते, आणि एवढ्याने कोणीही तिरळा दिसू लागतो. पूर्वी डोळे हाताने किंवा एकावर एक ठसे उमटवून रंगवले जात, त्यामुळे एकाच खोक्यातल्या दोन फिगर्स दोन भावांसारख्या दिसत. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने पुढे 'फोटो रिअल' या नावाने बारीक ठिपक्यांनी चेहरा छापण्याची पद्धत आणली, आणि सहा इंची फिगर्सचा चेहरा मला वाटते तिथून खऱ्या अर्थाने बोलू लागला. भिंगाखाली ते ठिपके वेगवेगळे दिसतात, पण हातभर अंतरावरून त्यांची मिळून त्वचा होते. ज्याने ती फिगर नाकाजवळ धरून पाहिली आणि ज्याने ती कपाटात ठेवून पाहिली, त्या दोघांचे मत वेगळे असणे स्वाभाविक आहे.

मोठ्या फिगर्समध्ये हा प्रश्न सुटायला हवा होता, पण तिथे तो वेगळ्या रूपात उभा राहतो. चार वर्षांपूर्वी, दीड वर्ष वाट पाहून, मी एका थरारपटातल्या पोक्त वयाच्या नायकाची एक षष्ठांश फिगर घेतली होती. चेहरा अभिनेत्याच्या डिजिटल स्कॅनवरून घडवला असल्याचे कंपनीने सांगितले होते. खोके उघडले आणि मी हिरमुसलो. समोर कोणी तरी अनोळखी, दचकलेला गृहस्थ उभा होता. मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर, नाकाच्या बुंध्यापासून हनुवटीपर्यंतचे अंतर, जिवणीची रुंदी अशी मापे घेतली आणि अभिनेत्याच्या समोरून काढलेल्या छायाचित्रांतल्या प्रमाणांशी ती ताडून पाहिली. मापे सगळी जुळत होती. दोष सापडायला दोन दिवस लागले. सैलावलेल्या चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकून असते, म्हणजे या प्रमाणात पाव मिलिमीटरच्या आसपास. माझ्या फिगरमध्ये मात्र बुबुळ आणि पापणी यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती. माणूस घाबरला की डोळ्यांत जी पांढरी रेघ दिसते, तीच ही. त्या फिगरच्या डोक्याचा मागचा भाग निघत असे आणि आतून डोळे फिरवण्याची सोय होती (ही कल्पना हॉट टॉइज या फिगर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या डीएक्स मालिकेत आणली, पुढे इतरांनीही ती आपापल्या रीतीने केली). मी बुबुळे किंचित वर सरकवली, रेघ नाहीशी झाली, आणि त्याच प्लॅस्टिकमधून तो अभिनेता माझ्याकडे पाहू लागला. शिल्पात तसूभरही फरक पडला नव्हता. तेव्हापासून 'हेडस्कल्प्ट (म्हणजे डोक्याचे शिल्प) चुकला आहे' हे वाक्य मी फार जपून वापरतो.

स्कॅनविषयी संग्राहकांमध्ये एक भाबडा विश्वास आहे की यंत्राने मोजलेला चेहरा चुकूच शकत नाही. मोजमापापुरते ते खरे आहे. पण स्कॅन बहुतेक वेळा अभिनेता निर्विकार चेहऱ्याने स्थिर बसलेला असताना घेतला जातो, आणि आपण त्या माणसाला निर्विकार असे कधी पाहिलेलेच नसते. आपल्या आठवणीत असते ती बोलण्याआधी एका कडेने ताणली जाणारी जिवणी, डोळे बारीक करताना उमटणारी घडी, मान कलती करण्याची सवय. चांगला शिल्पकार हे जाणून स्कॅनमध्ये ढवळाढवळ करतो: भुवयांमधली आठी थोडी खोल करतो, ओठांचा कोपरा किंचित उचलतो. व्यंग्यचित्रातला माणूस आपण क्षणात ओळखतो, कारण चित्रकाराने त्याचे वेगळेपण वाढवून दाखवलेले असते. फिगरच्या शिल्पकाराला हेच करायचे असते, पण दहावा हिस्साच, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. हॉट टॉइजच्या खोक्यांवर यूली, आर्नी किम, जे. सी. हाँग अशी शिल्पकारांची आणि रंगकाम सांभाळणाऱ्यांची नावे छापलेली असत आणि जाणते संग्राहक पात्राआधी ती नावे वाचत. ते योग्यच होते असे मी मानतो. मापात अचूक पण भावशून्य चेहऱ्यापेक्षा, मापात किंचित चुकलेला पण नजर पकडलेला चेहरा मी केव्हाही पसंत करीन.

याच्यापुढचा मुद्दा छायाचित्राचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक वाद फिगर हातात न घेता, फोटो पाहून होतात. फिगर जेवढ्या पटीने लहान, तेवढ्या पटीने कॅमेऱ्याचे अंतर मोठे धरावे लागते. एक षष्ठांश फिगरचा फोटो १० सेंटिमीटरवरून काढला तर खऱ्या माणसाचा फोटो ६० सेंटिमीटरवरून काढल्यासारखा होतो: नाक पुढे येते, कान मागे पडतात, गाल निमुळते दिसतात. चित्रपटातले क्लोजअप बहुधा याहून बरेच लांबून घेतलेले असतात, त्यामुळे मनातली प्रतिमा चापट, भरदार चेहऱ्याची असते आणि फोटोतली फिगर हडकुळी दिसते. तीच फिगर ३० ते ३५ सेंटिमीटर अंतरावरून, म्हणजे खऱ्या माणसापासून दोन मीटरवर उभे राहिल्याप्रमाणे, झूम करून टिपावी आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवावा. पुष्कळ 'न जुळणारे' चेहरे एवढ्याने जुळतात. आपण नकळत फिगरकडे वरून पाहत असतो, आणि उंचच उंच माणसाने खाली पाहावे तसे तिचे कपाळ मोठे आणि हनुवटी लहान दिसते. प्रकाशाचेही तसेच आहे. थेट डोक्यावर दिवा असेल तर भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि ज्या डोळ्यांसाठी रंगाऱ्याने जीव ओतला, तेच दिसेनासे होतात.

कंपनीने जाहिरातीत दाखवलेल्या फिगरविषयी थोडक्यात सांगतो. तो बहुधा निष्णात कलाकाराने हाताने रंगवलेला नमुना असतो. आपल्या घरी येते ती साच्यातून निघालेली आणि कारखान्यात अनेक हातांनी रंगवलेली फिगर. मूळ शिल्पातल्या बारीक कडा साच्यात थोड्या बोथट होतात आणि गालांवरची लाली एखाद्या वेळी जास्त बसते. नमुन्याचे फोटो पाहून 'हुबेहूब' म्हणणारा आणि प्रत्यक्ष फिगर पाहून नाराज होणारा, हे दोघे दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत असतात.

वास्तवदर्शितेच्या बाबतीत अडचण अशी की माणूस लहान करता येतो, पण द्रव्ये लहान होत नाहीत. एक मिलिमीटर जाडीचे चामडे एक षष्ठांश फिगरच्या अंगावर सहा मिलिमीटर जाडीचे ठरते. कापडाचे वजन इतके कमी पडते की झगा अंगावरून ओघळण्याऐवजी तंबूसारखा उभा राहतो, म्हणून अनेक कंपन्या त्याच्या कडेत बारीक तार घालतात. खऱ्या धाग्यांचे रोवलेले केस कागदावर श्रेष्ठ वाटतात, पण धागा मापाच्या मानाने जाड असतो आणि तो सहसा बसत नाही. कोरलेले केस आकाराने खोटे असूनही कित्येकदा दिसायला अधिक खरे असतात. या प्रश्नावर मी कोरलेल्या केसांच्या बाजूने आहे, अपवाद फक्त मोकळ्या लांब केसांचा. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे मांडले होते की कृत्रिम आकृती माणसाच्या फार जवळ गेली, पण पूर्ण पोहोचली नाही, की आपुलकीऐवजी अस्वस्थता वाटू लागते; आपुलकीच्या आलेखातला हा जणू एक खोलगट. त्याच लेखात त्यांनी बुनराकू या पारंपरिक जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्यांचे उदाहरण दिले होते: जवळून पाहिले तर त्या माणसासारख्या नसतात, पण रंगमंचावर त्यांचे हातवारे पाहताना प्रेक्षक गुंगून जातो. त्वचेची छिद्रे, डोळ्यांतल्या लाल शिरा आणि दाढीचे खुंट रंगवलेली एखादी फिगर काहींना थक्क करते आणि काहींना शवासारखी वाटते, ती बहुधा त्या खोलगटाच्या काठावर उभी असते. तिचे कोपर आणि मान नैसर्गिक रीतीने वळवली, वजन एका पायावर टाकले, की ती अस्वस्थता बरीच कमी होते. माझ्या ओळखीचे कितीतरी जण फिगर खोक्यातून काढून ताठ उभी करतात आणि मग ती निर्जीव दिसते म्हणून तक्रार करतात.

आपला दुसरा प्रश्न, कोणाचे ऐकावे, याचे उत्तर असे. मत देणाऱ्याला आधी विचारावे की त्याच्या डोळ्यांसमोर कोणता प्रसंग आहे. एका चित्रपटातही अभिनेत्याचे वजन, दाढी आणि केस बदलतात, आणि तीन भागांच्या मालिकेत तर दहा वर्षांचे अंतर असू शकते. ज्याला पहिल्या भागातला तरुण आठवतो, त्याला तिसऱ्या भागाची फिगर कधीच पटणार नाही. त्यानंतर, फिगर विकत घेतलेल्या माणसाने काढलेले, रंग न बदललेले, निरनिराळ्या कोनांतले निदान पाच-सहा फोटो मागावेत, आणि त्यांत अर्धवट बाजूला वळलेल्या चेहऱ्याचा फोटो नक्की असावा, कारण समोरून जुळणारा चेहरा गालाच्या हाडाच्या आणि जबड्याच्या रेषेत हमखास उघडा पडतो. फिगर घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळीच मत बनवू नये. तिला डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे, दिवा एका बाजूला आणि थोडा खाली घ्यावा, मान दोन-चार अंश वळवावी, आणि वरच्या पापणीखाली ती पांढरी रेघ दिसते का, ते आधी पाहावे.