पहिली आवृत्ती म्हणून घेतली, निघालं पुनर्मुद्रण: मुदत कधीपासून?

प्रश्न: मी राजारामपुरी, कोल्हापूर इथे राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून 'ययाति'ची पहिली आवृत्ती म्हणून १८,००० रुपयांना ऑनलाइन प्रत घेतली. गेल्या महिन्यात एका जाणकारांनी ती नंतरची छपाई असल्याचं सांगितलं. विक्रेता 'बघतो' म्हणतोय. मला आत्ता कळलं, तेव्हा इथून पुढे दोन वर्षं मिळतील ना?

उत्तर: तसं धरून चालू नका. जुनी नाणी, चित्रं, पुस्तकं घेणाऱ्यांची अशी पत्रं सतत येतात आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. लबाडी झाली असेल तर ती उघड झाल्यापासून मुदत मोजावी, हे तत्त्व मुदत कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. पण वाजवी काळजी घेतली असती तर ती कधी कळली असती, हेही तेच कलम विचारतं. तुमचं सगळं प्रकरण या एका अटीवर अडलंय.

तुम्हीच पाठवलेले दोन फोटो शेजारी ठेवा. विक्रेत्याच्या फोटोत शीर्षकपानामागची 'पहिली आवृत्ती : १९५९' एवढी एकच ओळ आहे, खालचा भाग कापलेला. तुमच्या फोटोत त्याच ओळीखाली पुनर्मुद्रणांची सालं आहेत आणि प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९५९ च्या छपाईत तो असूच शकत नाही. पहिल्या आवृत्तीचं साल पुढच्या छपाईतही वर तसंच ठेवतात, म्हणून वाचायची असते ती यादीतली शेवटची ओळ. कापलेला फोटो तुमची मोठी जमेची बाजू आहे. मात्र समोरचा वकील हेच पान ग्राहक आयोगापुढे धरून म्हणेल, पार्सल फोडल्या दिवशी हे दिसत होतं. खांडेकरांच्या गावात हे पान दाखवायला माणूस मिळाला नसता का? दोन वर्षं उलटत आल्यावर दाखवलंत, याचा मला राग येतो. त्याच आठवड्यात लेखी कळवलं असतं तर वर्णनाप्रमाणे नाही म्हणून माल नाकारून पूर्ण रक्कम मागता आली असती. आता माल स्वीकारला असं धरलं जाण्याची शक्यता जास्त. मग उरते ती मुख्यतः किमतीतल्या फरकाची भरपाई.

तेव्हा मुदत पार्सल मिळाल्यापासूनच मोजा. कुरिअरच्या पावतीवर १४ ऑक्टोबर २०२४ आहे, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही, 'बघतो' या मेसेजने तर नाहीच. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका.

मुंबईला खेटे घालायचे नाहीत. तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार चालते आणि एवढ्या रकमेला शुल्क नाही. विरुद्ध बाजूला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, असा प्रयत्न कायद्याला अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि लहान रकमेचा माणूस कंटाळून घरी बसतो. तुम्ही बसू नका.

बाकी मुद्द्यांवर कागद पाहिल्याशिवाय ठाम बोलणार नाही. प्रत संग्रहासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. पुस्तकं घेऊन विकत असाल तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी कोर्टाचा विचार करावा लागेल, तिथे साधारण तीन वर्षांची मुदत मिळते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येईल, पण 'दिवाणी मामला आहे' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

विक्रेता 'पुस्तक पाठवा, मग पैसे देतो' म्हणाला तरी पैसे खात्यात आल्याशिवाय प्रत हातची सोडू नका, तोच तुमचा पुरावा आहे. मूळ जाहिरात आणि चॅट ज्या फोनवर आहेत तो विकू नका, फॉरमॅटही करू नका. त्यांच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडायचं आहे.